उत्तरकांडासाठी संप: जालंधर, १९८८

१९८८ मध्ये जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. पगारवाढ, बोनस, रजा यांपैकी काहीच त्यांनी मागितले नव्हते. दूरदर्शनवर दर रविवारी लागणारे 'रामायण' उत्तरकांड, म्हणजे सीतात्याग आणि लव-कुशांची कथा सांगणारे शेवटचे कांड, न दाखवताच संपणार होते, आणि ते तसे संपू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. संप जालंधरपुरता राहिला नाही, उत्तर भारतातल्या इतर शहरांतही पसरला. कचरा साचू लागला, रोगराईची धास्ती उभी राहिली आणि शेवटी सरकारने पुढचे भाग काढायचे मान्य केले.

जुन्या दूरदर्शनच्या गप्पा निघाल्या की ही हकीकत कोणीतरी सांगतोच. 'काय वेड होतं बघा तेव्हा लोकांना!' असे म्हणून सगळे हसतात आणि विषय 'चित्रहार'कडे वळतो. मला यात हसण्यासारखे फारसे काही दिसत नाही. टीव्हीच्या चाहत्यांनी आपल्या आवडत्या कार्यक्रमासाठी काय काय केले याची यादी केली तर जालंधरचा संप तिच्यात सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट ठरेल. आपल्याला काय हवे, ते कोणाकडून मिळेल आणि कुठे दाबले की मिळेल, हे तिन्ही त्या कामगारांना नेमके ठाऊक होते.

रविवार, सकाळी साडेनऊ

रामानंद सागरांच्या 'रामायण'चा पहिला भाग २५ जानेवारी १९८७ ला दाखवला गेला आणि शेवटचा ३१ जुलै १९८८ ला. ७८ भाग, आठवड्याला एक. आज हे वाचताना 'आठवड्याला एक' या शब्दांवरून नजर सहज घसरते, पण सगळी गोम तिथेच आहे. वाहिनी एकच, तीही सरकारी. व्हिडिओ रेकॉर्डर तुरळक घरांत. एखाद्या रविवारी लग्नाला जावे लागले की भाग गेला तो गेलाच. मग सोमवारी ऑफिसात नाहीतर नळावर कोणाला तरी गाठून 'काय झालं पुढे?' विचारायचे. कथा सगळ्यांना तोंडपाठ होती, तरी विचारायचेच, कारण प्रश्न कथेचा नसून काल ती कशी दाखवली याचा असे.

रविवारचे चित्र गावोगाव सारखेच असायचे. सव्वानऊला कोणीतरी अँटेना फिरवायला पत्र्यावर किंवा गच्चीवर चढलेला. खालून खिडकीतून ओरडा: 'आलं का?' 'मुंग्या आहेत अजून! थोडं डावीकडे घे... हां, हां, बस, हात लावू नकोस आता!' ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या घरी दारात चपलांचा ढीग, पुढे पोरे मांडी घालून, मागे बायका, दाराच्या चौकटीला टेकून पुरुष. काही घरांत टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. मध्येच 'व्यत्यय'ची पाटी आली की सगळ्या आळीतून एकच सुस्कारा. ही मालिका बघणारे आठ ते दहा कोटी असावेत असा त्या वेळचा अंदाज सांगितला जातो.

मराठी माणसाला तर त्या अयोध्येत घरच्यासारखेच वाटावे. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर, म्हणजे पडद्यावरचे राजाराणी प्रत्यक्षातही नवराबायको. भरत संजय जोग, मंथरा ललिता पवार. चित्रीकरण उंबरगावला, पश्चिम रेल्वेवर घोलवड, बोर्डी ओलांडले की गुजरातच्या हद्दीत लगेच लागणारे गाव. शूटिंग आणि प्रक्षेपण जवळजवळ हातात हात घालून चालले होते. वर्षभराचे भाग आधीच डब्यात भरून ठेवलेत अशी सोय नव्हती. म्हणजे जी मालिका लोक बघत होते ती अजून तयार होत होती. तिचा शेवट बदलू शकत होता.

तसा तो एकदा बदललाही होता. मंजुरी मुळात ५२ भागांची होती, ती वाढत वाढत ७८ वर गेली. (दोन बाण आकाशात समोरासमोर येऊन एकमेकांना न्याहाळत राहायचे, त्यात अर्धा भाग जायचा, ही तक्रार तेव्हाही होती. तक्रार करणारे पुढच्या रविवारी साडेनऊला पुन्हा हजर.) मुदतवाढ मागितली की मिळते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. जालंधरच्या मागणीकडे बघताना हे ध्यानात ठेवायला हवे. मुदतवाढ निर्मात्याला मिळते, तर प्रेक्षकाला का मिळू नये?

रामकथा संपते कुठे?

रावणवध झाला, राम अयोध्येला आला, राज्याभिषेक झाला. इथे थांबायचे की पुढे जायचे, हा वाद टीव्हीपेक्षा कितीतरी जुना आहे.

सागरांची मालिका मुख्यतः वाल्मीकी आणि तुळशीदास या दोघांच्या आधाराने चालली होती. 'रामचरितमानसा'तही सातव्या कांडाचे नाव उत्तरकांडच आहे, पण त्यात आहे रामराज्याचे वर्णन, काकभुशुंडी आणि गरुडाचा संवाद, भक्तीचे माहात्म्य. लोकापवाद, गरोदर सीतेचा त्याग, आश्रमातला लव-कुशांचा जन्म, ही कथा तुळशीदासांनी सांगितलेली नाही. ती वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात आहे, आणि ते कांड मूळचे की मागाहून जोडलेले यावर अभ्यासक आजही भांडतात. भक्ताच्या दृष्टीने राज्याभिषेकाला थांबणे सोयीचे. रामाला अडचणीचे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

मालिकेच्या आधारग्रंथांत आपल्या एकनाथांचे 'भावार्थ रामायण'ही होते. त्याची गंमत अशी की नाथांनी ते युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंतच लिहिले; पुढचे युद्धकांड आणि उत्तरकांड त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले. म्हणजे मराठीतही 'पुढचे राहिले आहे, ते व्हायला हवे' असे कोणालातरी वाटलेच होते.

आणखी जवळचे उदाहरण 'गीतरामायणा'चे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला एक गीत. बेत ५२ गीतांचा होता; त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीते ५६ झाली. गदिमांनी कथेची चौकटच उत्तरकांडातून घेतली: पहिल्या गीतात कुश-लव रामापुढे रामचरित्र गातात आणि शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना गायला सांगतात. त्यामुळे मराठी श्रोत्याच्या मनात वाल्मीकी हा रामकथेच्या सुरुवातीला आणि शेवटाला उभा असलेला माणूस आहे. राज्याभिषेकावर पडदा पाडला तर तो उभा राहायला जागाच उरत नाही. तुळशीदासांच्या कथेत वनवासाला निघालेला राम वाल्मीकींच्या आश्रमात येतो आणि 'राहू कुठे?' म्हणून विचारतो. प्रसंग सुंदर आहे, पण छोटा. सीतेला आसरा देणारा, दोन राजपुत्रांना वाढवणारा, त्यांना शस्त्र आणि गाणे दोन्ही शिकवणारा वाल्मीकी भेटतो तो उत्तरकांडातच.

ज्यांचा वाल्मीकी होता

जालंधरचे सफाई कामगार प्रामुख्याने वाल्मीकी समाजाचे. पंजाबात उच्चार 'बाल्मिकी'. पूर्वी हाच समाज लाल बेग, बाला शाह अशा पीरांना मानायचा. विसाव्या शतकात वाल्मीकी हे नाव आणि वाल्मीकीची उपासना त्यांच्यात रुजली. आदिकवी आमचा, हे वाक्य त्यांच्यासाठी पोथीतली माहिती नव्हती. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्याच्याकडे रामायणावर सांगण्याजोगा हक्क होता तो हाच: ज्या ग्रंथाची तुम्ही पूजा करता तो आमच्या माणसाने लिहिला.

महाराष्ट्रात आपण वाल्मीकी ओळखतो तो वाल्या कोळ्याच्या गोष्टीतून. वाटमारी, नारदाची भेट, 'मरा मरा'चा जप आणि मुंग्यांचे वारूळ. पंजाबातल्या वाल्मीकींना ही गोष्ट मुळीच मान्य नाही. त्यांच्या लेखी तो भगवान वाल्मीकी आहे, पश्चात्ताप पावलेला दरोडेखोर नव्हे. या एका फरकावरून कळते की टीव्हीवर वाल्मीकी दाखवायचा की नाही आणि दाखवायचा तर कसा, हा त्यांच्यासाठी करमणुकीपलीकडचा मामला होता.

शिवाय उत्तरकांड त्यांच्या अंगणात घडते. अमृतसरजवळ रामतीर्थ आहे; तोच वाल्मीकींचा आश्रम, सीता तिथेच राहिली आणि लव-कुश तिथेच जन्मले अशी श्रद्धा आहे. लाहोर लवाचे आणि कसूर कुशाचे, हे तर पंजाबात हिंदू-शीख-मुसलमान सगळ्यांच्या कानावरून गेलेले असते. दंडकारण्य, किष्किंधा, लंका हे सगळे दूर दक्षिणेत झाले. दीड वर्ष दर रविवारी त्यांनी दूरची कथा पाहिली आणि कथा आपल्या जिल्ह्यात शिरायची वेळ आली तेव्हा मालिका गुंडाळणार असे कळले!

ओळखीच्या नटासाठी, आवडत्या पात्रासाठी जीव टाकणारे चाहते आपण रोज बघतो. इथे पात्र हाच आपला मूळपुरुष, आणि त्याची खरी कथा पडद्यावर येण्याआधीच मालिका संपणार. सरकारी वाहिनीवर, सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना, वरच्या आळीतल्या घरांत ज्या टीव्हीला हार घालतात त्याच टीव्हीवर आपला वाल्मीकी सीतेला 'ये मुली' म्हणताना दिसणे, याची किंमत त्यांना कळत होती.

हत्यार

१९६८ मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी एनबीसी कंपनीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि मालिकेचा तिसरा हंगाम मिळवला. चाहत्यांच्या चळवळींचा इतिहास सांगताना हे उदाहरण हटकून येते. पण पत्रे लिहायला लिहिता येणारा वर्ग लागतो, त्याच्या मताला जाहिरातदार भाव देतात हे गृहीत लागते. जालंधरच्या झाडूवाल्याच्या पत्राला दिल्लीतल्या मंडी हाउसमध्ये, दूरदर्शनच्या मुख्यालयात, कोणी विचारले असते? त्याच्याकडे जे होते ते त्याने वापरले. त्याने काम थांबवले.

आणि हे काम थांबणे म्हणजे नुसते रस्त्यावर केरकचरा दिसणे नव्हे. त्या काळी उत्तरेतल्या कित्येक जुन्या शहरांत टोपलीचे संडास सर्रास होते. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला तो १९९३ मध्ये. म्हणजे १९८८ मध्ये सफाई कामगार दोन दिवस आला नाही तर घाण चौकातल्या उकिरड्यावर नाही, घरात साचायची. ज्या घरात त्याला ओसरीपलीकडे येऊ देत नसत, त्या घराचे नाक त्याच्या हातात होते. संपाला शहरे इतक्या लवकर का वाकली याचे अर्धे उत्तर यात आहे.

उरलेले अर्धे कारभारात आहे. अकाली सरकार बरखास्त होऊन मे १९८७ पासून पंजाबात राष्ट्रपती राजवट होती. राज्य दिल्लीहून चालत होते. दूरदर्शनही दिल्लीचेच, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ताब्यातले. एरवी संपकरी नगरपालिकेशी भांडतात, नगरपालिका राज्याकडे बोट दाखवते, राज्य केंद्राकडे. इथे कचरा ज्याच्या दारात न्यायचा आणि मालिका ज्याच्याकडे मागायची, तो मालक एकच होता. त्यात पंजाब तेव्हा दहशतवादाने होरपळत होता. तिथल्या शहरांत आणखी एक असंतोष, तोही दलित समाजाचा, तोही रामायणावरून, हे कोणत्याही सरकारला परवडण्यासारखे नव्हते.

आता शंका काढायची तर काढता येते. पुढचे भाग व्हावेत यात सागरांचाही फायदा होता आणि दूरदर्शनचाही. रविवार सकाळच्या जाहिरातींसाठी रांग लागत होती. लव-कुशाची कथा लोकप्रिय होती, इतर प्रेक्षकांनाही ती हवीच होती. संप झाला नसता तरी कदाचित पुढची मालिका निघाली असती. मला ही शंका अगदी फेटाळता येत नाही. पण धंद्याचा फायदा होता म्हणून निघालेली मालिका आणि 'आमचे राहिले' म्हणून मागून घेतलेली मालिका, यांत बघणाऱ्याच्या लेखी फरक पडतो. आणि मागणी अशी नेमकी, कांडाचे नाव घेऊन केलेली, दुसऱ्या कोणाची दिसत नाही.

या प्रकरणात 'साप्ताहिक' असण्याचे मोल कळते. दोन भागांच्या मधल्या सात दिवसांत लोक बोलतात, भांडतात, पुढे काय होणार याचे आडाखे बांधतात, शेवट जवळ आला हे मोजतात. संप ठरवायला, शेजारच्या शहरात निरोप धाडायला तेवढा वेळ पुरतो. सगळे भाग एकदम हातात पडले असते तर तक्रार करायला उरते फक्त झालेल्या गोष्टीबद्दल.

मिळाले काय?

१९८८ च्या अखेरीस 'उत्तर रामायण' आले, 'लव कुश' या नावानेही लोक ते ओळखतात. ३९ भाग. तोवर रविवार सकाळ २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'ने घेतली होती. वाल्मीकींची भूमिका विजय कविश यांनी केली. मूळ मालिकेत शंकरही त्यांनीच केला होता. आणि ज्या दोन मुलांसाठी हे सगळे, ती दोन्ही निघाली मराठी: कुश झाला स्वप्निल जोशी, लव झाला मयूरेश क्षेत्रमाडे. स्वप्निलच्या पुढच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीचे श्रेय जालंधरच्या संपाला देणे जरा ताणल्यासारखे होईल, पण थोडे ताणायला माझी हरकत नाही.

मागणी पुरी झाली, तरी जे आले ते सागरांच्या पद्धतीने आले. सीतात्यागाची अडचण त्यांनी अशी सोडवली की अयोध्या सोडण्याचा पुढाकार सीतेकडेच दिला. रामाच्या अंगावरचा डाग त्यामुळे बराच पुसट झाला. उत्तरकांडातला शंबूकवध, म्हणजे तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामाने केलेला वध, ज्यावरून दलित आणि ब्राह्मणेतर विचारवंतांनी रामकथेला सर्वांत कडक सवाल केले आहेत, तो संपकऱ्यांनी मागितला नव्हता. त्यांना हवा होता सन्मानाने बसलेला ऋषी. हे काही टीकाकारांना खटकेल: उत्तरकांड मागायचे आणि शंबूक सोडून द्यायचा? पण आपल्या माणसाला मानाच्या जागी बघण्याची इच्छा आणि कथेला धारेवर धरण्याची इच्छा या दोन निरनिराळ्या भुका आहेत, आणि रविवारी टीव्हीपुढे बसताना पहिली आधी लागते, याचे मला नवल वाटत नाही.

जानेवारी १९८९ मध्ये इतिहासकार रोमिला थापर यांनी 'सेमिनार' मासिकात या मालिकेवर लेख लिहिला. सरकारी दूरदर्शन रामकथेचे एकच रूप देशभर पसरवते आहे आणि बाकीच्या शेकडो रामकथा त्याखाली दबतील, अशी त्यांची चिंता होती. चिंता खोटी नव्हती. पुढच्या चार वर्षांत देशात काय घडले ते सर्वांसमोर आहे. मात्र जालंधरची घटना त्या चिंतेच्या आड येते. एकच रूप पुढ्यात वाढले म्हणून सगळ्यांनी निमूट गिळले असे झालेले नाही. दीड वर्ष भक्तिभावाने मालिका बघणाऱ्यांतलेच काही जण उठले आणि म्हणाले, तुमचे झाले, आता आमचे दाखवा. ते सच्चे चाहते होते म्हणूनच म्हणाले. ज्याला मालिका आवडत नाही तो ती अपुरी राहिली म्हणून संप कशाला करेल?

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा लावले, २८ मार्चपासून, दिवसातून दोनदा, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. दीड वर्षाची मालिका तीन आठवड्यांत संपली. १६ एप्रिलला ७.७ कोटी लोकांनी ती पाहिली असे दूरदर्शनने जाहीर केले आणि जागतिक विक्रम म्हणून मिरवलेही. आकड्यावर वाद झाला तो आकडे मोजणाऱ्यांत. १८ एप्रिलला राज्याभिषेक झाला आणि १९ एप्रिलपासून 'उत्तर रामायण' सुरू झाले. या वेळी ते कोणाला मागावे लागले नाही.